वॉर्डाची निवडणूक: वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलांच्या निवडणुका मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी होतात. यंदा आलेल्या पत्रांत मतदारांच्या शंका आहेतच, पण उमेदवारी भरू पाहणाऱ्यांचेही प्रश्न आहेत, आणि याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. उत्तरांकडे वळण्याआधी एकच सूचना. खाली जिथे ‘कामाचे दिवस’ म्हटलं आहे तिथे शनिवार, रविवार, गुड फ्रायडे आणि बँक हॉलिडे मोजायचे नाहीत. ईस्टरच्या सुट्ट्या बहुधा याच काळात येतात, त्यामुळे मुदत आपल्याला वाटते त्याच्या बरीच आधी संपते. नक्की तारखा आपल्या कौन्सिलच्या वेळापत्रकात पाहून घ्याव्यात.

प्रश्न: माझा पासपोर्ट भारतीय आहे आणि मी वर्क व्हिसावर इथे आहे. मला मत देता येतं का? मुलगी दुसऱ्या गावी विद्यापीठात शिकते, तिने कुठे मत द्यावं? (क्रॉली)

हो, तुम्हाला मत आहे. भारत राष्ट्रकुलात आहे, आणि ज्याला या देशात राहण्याची वैध परवानगी आहे असा राष्ट्रकुलातला नागरिक मतदार होऊ शकतो. व्हिसा कामाचा आहे, शिक्षणाचा आहे की जोडीदाराच्या आधारावर मिळाला आहे, याने फरक पडत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेईपर्यंत थांबायचं असतं, असा समज आपल्या लोकांत फार पसरलेला आहे आणि त्यापायी अनेक वर्षांची मतं वाया जातात. याच नोंदणीवर पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं.

मात्र मतदार यादीत नाव आपोआप येत नाही. कौन्सिल टॅक्स भरता म्हणजे यादीत आहात, असंही नाही. सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायला पाचेक मिनिटं लागतात. जन्मतारीख, पत्ता, नागरिकत्व आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक हवा. हा क्रमांक अजून मिळाला नसेल तरी अर्ज अडत नाही, कौन्सिल ओळखीचा दुसरा पुरावा मागतं. मतदानाआधीच्या बाराव्या कामाच्या दिवशी मध्यरात्री मुदत संपते. घर बदललं असेल तर नव्या पत्त्यावर नव्याने अर्ज करावा लागतो.

मुलीला कॉलेजच्या आणि घरच्या अशा दोन्ही पत्त्यांवर नोंदणी करता येते. दोन्ही पत्ते वेगवेगळ्या कौन्सिलांत असतील तर स्थानिक निवडणुकीत ती दोन्हीकडे मत देऊ शकते. पार्लमेंटला मात्र एकाच ठिकाणी, दोन्हीकडे दिलं तर तो गुन्हा आहे.

प्रश्न: रस्त्यातले खड्डे बुजत नाहीत, म्हणून डिस्ट्रिक्टच्या उमेदवाराला जाब विचारला. तो म्हणाला, ते आमच्याकडे नाही. खरं आहे का? (रग्बी)

खरं आहे. दोन स्तरांच्या, म्हणजे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन कौन्सिलांच्या, भागात रस्ते, शाळा, ग्रंथालयं, वृद्धांची आणि मुलांची देखभाल ही कामं काउंटी कौन्सिलची. डिस्ट्रिक्टकडे घरोघरचा कचरा उचलणं, बांधकाम परवानग्या, घरकुलं आणि बेघरांची सोय, उपाहारगृहांची स्वच्छता तपासणी, दारू व टॅक्सीचे परवाने, उद्यानं आणि जलतरण तलाव. गंमत कचऱ्यात आहे: तो उचलतं डिस्ट्रिक्ट, त्याची विल्हेवाट लावते काउंटी. कौन्सिल टॅक्सचं बिल डिस्ट्रिक्टच्या नावाने येतं, पण त्यातला सर्वांत मोठा वाटा काउंटीला जातो. बिलावरच वाटणी छापलेली असते, ती एकदा वाचावी.

म्हणून डिस्ट्रिक्टच्या उमेदवाराला प्रश्न विचारायचे ते स्थानिक विकास आराखड्याबद्दल, नवी घरं कुठे येणार त्याबद्दल. आमच्या मते डिस्ट्रिक्टच्या मतावर गावाचं रूप सर्वांत जास्त बदलतं ते इथेच.

निवडणूक कधी, हेही कौन्सिलप्रमाणे बदलतं. काही ठिकाणी चार वर्षांनी सगळ्या जागा एकदम, काही ठिकाणी चारपैकी तीन वर्षं दरवेळी एक तृतीयांश जागा, तर ऑक्सफर्डसारख्या मोजक्या ठिकाणी दर दोन वर्षांनी निम्म्या. शिवाय डिसेंबर २०२४च्या सरकारी श्वेतपत्रिकेत दोन स्तर मोडून एकच कौन्सिल करण्याचं धोरण जाहीर झालं आहे. त्यामुळे आपल्याकडे या मे महिन्यात कोणत्या कौन्सिलसाठी मतदान आहे ते गृहीत धरू नये.

प्रश्न: मतदान केंद्रावर आधार कार्ड किंवा ओसीआय कार्ड चालतं का? माझं पासपोर्टवरचं नाव आणि यादीतलं नाव थोडं वेगळं आहे. (बेसिंगस्टोक)

दोन्ही चालत नाहीत. मे २०२३पासून इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत केंद्रावर छायाचित्राचं ओळखपत्र सक्तीचं आहे आणि कोणतं चालेल याची यादी कायद्याने ठरलेली आहे. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुलातल्या देशांचे पासपोर्ट यादीत आहेत. ब्रिटनचा वाहन परवाना चालतो, शिकाऊसुद्धा. भारतातला चालत नाही. ज्येष्ठांचा बसपास चालतो, तरुणांचा रेल्वे पास किंवा विद्यापीठाचं कार्ड चालत नाही. मुदत उलटलेला पासपोर्ट चालतो, फक्त फोटोवरून तुम्ही ओळखू आला पाहिजेत. मूळ कागद हवा. फोनवरचा फोटो किंवा झेरॉक्स दाखवून भागत नाही.

नावाचा घोळ आपल्याकडे नेहमीचा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये, यादीत फक्त नाव आणि आडनाव, एवढ्या फरकाने सहसा अडवत नाहीत. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि ओळखपत्र माहेरच्या नावाचं असेल, तर विवाह प्रमाणपत्र बरोबर न्यावं. आडनावाची जागा पासपोर्टवर रिकामी असेल तर यादीतलं नाव पासपोर्टशी आधीच जुळवून घेणं उत्तम. कौन्सिलच्या निवडणूक कार्यालयाला ईमेल केला की सांगतात.

यातलं काहीच नसेल तर मतदार ओळख प्रमाणपत्र मोफत मिळतं. त्याची मुदत मतदानाआधी सहाव्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ५. केंद्रावर ओळखपत्र नाकारलं तरी मत गेलं असं नाही: घरी जाऊन दुसरं आणा आणि रात्री १०च्या आत परत या. १० वाजता रांगेत उभे असाल तर मत देऊ देतात. घरी पोस्टाने आलेलं पोल कार्ड हे ओळखपत्र नव्हे. ते नेलं नाही तरी चालतं.

प्रश्न: सासूबाईंना चालवत नाही, त्यांच्यासाठी पोस्टल मत घ्यायचं आहे. त्या मराठीत सही करतात. मी स्वतः त्या आठवड्यात पुण्यात असेन. (केंब्रिज)

मराठीतली सही अगदी चालते. तिथे भाषा पाहत नाहीत, अर्जावरची सही आणि मताबरोबर आलेल्या कागदावरची सही जुळते का एवढंच पाहतात. म्हणून अर्जावर जी सही, तीच मताच्या वेळी. हात थरथरत असेल आणि सही दरवेळी वेगळी होत असेल, तर सहीतून सूट मागता येते. तो अर्ज वेगळा आहे. पोस्टल मताच्या अर्जाची मुदत मतदानाआधी अकराव्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ५. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षं टिकते, पुढे नव्याने अर्ज करावा लागतो. जुनी मंजुरी असलेल्यांनी ती संपली नाही ना, हे पाहावं.

पोस्टल मतं बाद होतात ती दोन-तीन ठरावीक चुकांनी. जन्मतारखेच्या चौकटीत लोक त्या दिवशीची तारीख लिहितात. सही करायची राहते. आणि एकाच घरात दोन-तीन पाकिटं आली की कागदांची अदलाबदल होते: एकाची मतपत्रिका दुसऱ्याच्या सही-जन्मतारखेच्या कागदाबरोबर जाते, क्रमांक जुळत नाहीत आणि दोघांचीही मतं अडकतात. यावर साधा उपाय असा, की एका वेळी एकाच माणसाचं पाकीट टेबलावर उघडावं, भरून बंद करावं, मग दुसरं.

हे सांगताना संकोच वाटतो, पण सांगायलाच हवं. घरातल्या एकाने सगळ्यांच्या मतपत्रिका भरणं हा प्रेमाचा प्रकार नाही, गुन्हा आहे. सासूबाईंना कागद वाचून दाखवा, हवं तर खिडकीपाशी उजेडात बसवा, पण फुली त्यांनीच मारायची आणि ती कोणाच्या नावासमोर मारली हे आपल्याला दिसू नये म्हणून आपण बाजूला व्हायचं. डोळ्यांना दिसत नसेल तर निवडणूक कार्यालयाकडून मदतीची रीत विचारून घ्यावी.

भरलेलं पाकीट पोस्टात टाकायला उशीर झाला तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर हाती देता येतं, आणि तिथला फॉर्म भरावा लागतो. एका माणसाला स्वतःचं आणि आणखी जास्तीत जास्त पाच जणांचं पाकीट देता येतं. कौन्सिलच्या इमारतीच्या पत्रपेटीत सरकवलेलं पाकीट धरलं जात नाही. दारावर आलेल्या प्रचारकाच्या हातात तर देऊच नये. घरच्या माणसाचं नसेल तर ते घेणं त्यालाही कायद्याने मना आहे.

तुमच्यासाठी पोस्टलपेक्षा प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारा माणूस, बरा. उमेदवार पक्के झाल्याशिवाय मतपत्रिका छापत नाहीत, त्यामुळे पाकीट पुण्याला पोहोचून वेळेत परतण्याची खात्री नाही. प्रॉक्सीची मुदत सहाव्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ५. जो तुमच्या वतीने जाईल तो स्वतःचं ओळखपत्र नेईल, तुमचं नाही. एका माणसाला इथे राहणाऱ्या दोघांपेक्षा जास्त लोकांचा प्रॉक्सी होता येत नाही.

प्रश्न: अपक्ष म्हणून उभं राहायचं आहे. भारतीय नागरिक आहे, दहा वर्षं इथे आहे. पायऱ्या सविस्तर सांगाल का? पक्षातर्फे उभं राहिलो तर काय वेगळं? (हार्लो)

पहिला प्रश्न तुमच्या राहण्याच्या परवान्याचा. मतदाराला साधा व्हिसा पुरतो, उमेदवाराला नाही. तुमच्याकडे कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, असली पाहिजे. ती असेल तर भारतीय पासपोर्टवर उभं राहता येतं. वय १८ पूर्ण हवं.

नंतर त्या डिस्ट्रिक्टशी असलेलं नातं दाखवायचं, चारपैकी किमान एका प्रकारे: तिथल्या मतदार यादीत नाव, किंवा गेले पूर्ण १२ महिने तिथे वास्तव्य, किंवा १२ महिने तिथे मालकीची वा भाड्याची जागा, किंवा १२ महिने मुख्य कामाचं ठिकाण तिथे. वॉर्डातच राहिलं पाहिजे असं नाही, डिस्ट्रिक्टमध्ये पुरे. आमचा आग्रहाचा सल्ला: जे जे लागू असेल ते सगळं संमतिपत्रात नोंदवा. कारण फक्त ‘मतदार यादीत नाव’ या एकाच आधारावर निवडून आलात, तर पुढची चारही वर्षं यादीत राहावं लागतं. मध्येच शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये घर घेतलं की पद जातं. बाकीच्या तीन आधारांना ही अट नाही.

अपात्रता नीट वाचा. त्याच कौन्सिलचे नोकर असाल तर उभं राहता येत नाही, आणि राजीनामा अर्ज देण्याआधी अमलात आलेला हवा, निवडून आल्यावर नाही. काउंटीच्या नोकराला डिस्ट्रिक्टला उभं राहता येतं, फक्त ते पद राजकीय निर्बंध असलेलं नसावं. गेल्या पाच वर्षांत तीन महिने किंवा अधिक कैदेची शिक्षा झालेली असेल, ती स्थगित असली तरी, मार्ग बंद.

आता कागद. उमेदवारी अर्ज, घरच्या पत्त्याचा फॉर्म आणि संमतिपत्र, हे तिन्ही प्रत्येकाला. अनामत रक्कम नाही. सूचक एक, अनुमोदक एक, दोघेही त्याच वॉर्डाचे मतदार. पूर्वी दहा सह्या लागत, आता दोन. सह्या कमी झाल्यामुळे लोक निष्काळजी होतात आणि तिथेच फसतात, कारण दोनपैकी एक बाद झाली की अर्जच बाद. सूचकाचा मतदार क्रमांक यादीतून उतरवताना मतदान विभागाची सुरुवातीची अक्षरंसुद्धा घ्यावी लागतात. शेजारच्या गल्लीतला मित्र सही करतो, आणि वॉर्डाची हद्द नेमकी गल्लीच्या मधून गेलेली असते. वॉर्डात जितक्या जागा तितक्याच उमेदवारांच्या अर्जांवर एका मतदाराला सही करता येते. त्याने आधीच तेवढ्या सह्या दिल्या असतील तर तुमची धरत नाहीत. म्हणून सरळ विचारून घ्यावं.

सही घेण्याआधी अर्ज पूर्ण भरलेला असला पाहिजे: नाव, मधलं नाव, वर्णन, सगळं. सही झाल्यावर वर्णनाच्या चौकटीत काही घातलं किंवा बदललं, तर नव्या अर्जावर नव्या सह्या घ्या. नावाला डॉ. किंवा श्री. लावू नका. लोक तुम्हाला वेगळ्या नावाने ओळखत असतील तर प्रचलित नावाची चौकट आहे. आडनाव कोणतं आणि नाव कोणतं हे स्पष्ट लिहा, कारण मतपत्रिकेवर उमेदवार आडनावाच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने लागतात.

घरचा पत्ता मतपत्रिकेवर नको असेल तर पत्त्याच्या फॉर्ममध्येच तसं सांगता येतं, मग फक्त भागाचं नाव छापतात. संमतिपत्रावरची सही अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी एका महिन्याच्या आतली हवी आणि ती साक्षीदारासमोर करायची.

अपक्षाच्या वर्णनाच्या चौकटीत ‘इंडिपेंडंट’ एवढाच शब्द किंवा काहीच नाही. ‘रहिवाशांचा आवाज’ असलं काही लिहायचं असेल तर पक्ष नोंदवावा लागतो. पक्षातर्फे असाल तर पक्षाच्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं आणि चिन्हासाठी वेगळा फॉर्म. प्रमाणपत्रातलं वर्णन आणि अर्जातलं वर्णन अक्षरशः एक हवं.

हे सगळं मतदानाआधीच्या १९व्या कामाच्या दिवशी दुपारी ४च्या आत, प्रत्यक्ष हाती, रिटर्निंग ऑफिसरच्या कार्यालयात. ईमेल नाही, पोस्ट नाही. तुम्ही स्वतः गेला नाहीत आणि विश्वासू माणसाला पाठवलं तरी चालतं. ४ वाजून १ मिनिटाला कोणाच्याही हातात काही उरत नाही, अधिकाऱ्याच्यासुद्धा नाही. म्हणून अर्ज स्वीकारणं सुरू झालं की पहिल्या दोन-तीन दिवसांत न्या आणि आधी ‘अनौपचारिक तपासणी’ मागा. बहुतेक कार्यालयं ती आनंदाने करतात. चूक सापडली तर दुरुस्तीला आठवडा असतो.

प्रश्न: प्रचाराला किती खर्च करता येतो? भारतातला भाऊ पैशाची मदत करू म्हणतो. आणि घरी सभेला आलेल्यांना जेवू घातलं तर? (स्टीव्हनेज)

मे २०२४च्या निवडणुकांना लागू असलेली मर्यादा ९६० पौंड अधिक वॉर्डातल्या प्रत्येक मतदारामागे ८ पेन्स. वॉर्डात ४,८०० मतदार असतील तर ९६० अधिक ३८४, म्हणजे १,३४४ पौंड. एकाच वॉर्डात दोघे मिळून प्रचार करत असतील, म्हणजे पत्रकं एकत्र किंवा एजंट एकच असेल, तर प्रत्येकाची मर्यादा पावाने कमी होते: १,००८ पौंड. तिघे असतील तर एक तृतीयांशाने: ८९६. आकडे अधूनमधून बदलतात, चालू आकडा निवडणूक आयोगाच्या मार्गदर्शिकेत पाहावा.

फेब्रुवारीत छापून ठेवलेली पत्रकं एप्रिलमध्ये वाटली तर तो खर्च धरला जातो, कारण पैसे कधी दिले हे नाही तर वापर कधी झाला हे पाहतात. मित्राने छपाई फुकट करून दिली तर तिची बाजारातली किंमत दाखवावी लागते. स्वयंसेवकांचा वेळ मात्र मोजत नाहीत.

भावाचे पैसे घेऊ नका. ५० पौंडांहून मोठी देणगी देणारी व्यक्ती ब्रिटनच्या मतदार यादीत असलीच पाहिजे. तो नसेल तर रक्कम ३० दिवसांत परत करायची. स्वतःच्या खिशातले पैसे घातले तर ती देणगी नव्हे.

प्रत्येक पत्रकावर, पोस्टरवर छापणाऱ्याचं आणि छापून घेणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. नोव्हेंबर २०२३पासून समाजमाध्यमांवरच्या प्रचार साहित्यालाही प्रसिद्ध करणाऱ्याच्या नाव-पत्त्याचा नियम लागू आहे.

जेवणाचं म्हणाल तर मतावर प्रभाव पाडायच्या हेतूने खाऊ-पिऊ घालणं हा भ्रष्टाचाराचा गुन्हा आहे. दिवसभर पत्रकं वाटून आलेल्या कार्यकर्त्यांना चहा-पोहे देण्यात गैर नाही. मतदारांना निमंत्रण देऊन पंगत मांडली तर हेतू काय, हे तुम्हाला कोर्टात सांगत बसावं लागेल. आपल्याकडे पाहुणचार रक्तात आहे, तेव्हा महिनाभर तो बाजूला ठेवावा आणि सभा सार्वजनिक सभागृहात घ्यावी.

प्रश्न: केंद्राबाहेर बिल्ले लावलेल्या माणसाने माझा मतदार क्रमांक विचारला. द्यावा का? (वॉटफर्ड)

तो टेलर, पक्षाचा माणूस. आपल्या समर्थकांपैकी कोण येऊन गेलं हे त्याला कळायला हवं असतं, म्हणजे बाकीच्यांच्या दारावर जाता येतं. सांगायची सक्ती नाही. मत कोणाला दिलं हे विचारण्याचा अधिकार त्याला मुळीच नाही.

प्रश्न: वॉर्डात तीन जागा होत्या, मी एकालाच मत दिलं. ते बाद झालं का? आणि सारखी मतं पडली तर?

बाद झालं नाही. ‘जास्तीत जास्त तीन’ याचा अर्थ एक, दोन किंवा तीन फुल्या, प्रत्येक वेगळ्या उमेदवाराला. चार मारल्या तर सगळीच मतपत्रिका बाद. फुलीऐवजी बरोबरची खूण केली आणि इरादा स्पष्ट असला तर मत धरतात. स्वतःचं नाव किंवा सही केली, म्हणजे मतदार ओळखता आला, तर बाद. चूक झाली तर मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी केंद्राध्यक्षाला दाखवावी, दुसरी मिळते.

मोजणीत आधी प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिकांची संख्या केंद्राच्या हिशेबाशी ताडतात, मग पेट्या एकत्र करून मोजतात. अनेक जागांच्या वॉर्डात सगळी मतं एकाच पक्षाला दिलेल्या पत्रिकांचे गठ्ठे आधी लावतात. विभागलेल्या मतांच्या पत्रिका तक्त्यावर एकेक खूण करत मोजाव्या लागतात, आणि चूक होते ती तिथेच. उमेदवाराच्या मोजणी प्रतिनिधीने नजर त्याच टेबलावर ठेवावी. फरक थोडा असेल तर निकाल जाहीर होण्याआधी फेरमोजणी मागायची, नंतर नाही. शेवटच्या जागेसाठी बरोबरी झाली तर रिटर्निंग ऑफिसर चिठ्ठी काढतो.

प्रश्न: निवडून आले तर नोकरी सांभाळून जमेल का? नंतरची कागदपत्रं कोणती? (टॉनब्रिज)

बऱ्याच डिस्ट्रिक्टांच्या सभा संध्याकाळी असतात, आणि १९९६च्या रोजगार कायद्याप्रमाणे नगरसेवकाला कामासाठी वाजवी वेळ सुट्टी देणं मालकाला बंधनकारक आहे. पगारी असेलच असं नाही. कौन्सिल वार्षिक भत्ता देतं, तो करपात्र असतो.

पद स्वीकारल्याच्या घोषणेवर दोन महिन्यांत सही केली नाही तर जागा रिकामी होते. आपले आर्थिक हितसंबंध २८ दिवसांत नोंदवायचे. लागोपाठ सहा महिने एकाही सभेला गेला नाहीत आणि कौन्सिलने त्याला आधी मान्यता दिली नसेल, तरीही पद जातं. बाळंतपण किंवा मोठं आजारपण असेल तर ही मान्यता वेळेत मागून घ्या.

खर्चाचा हिशेब जिंकलेल्यांनाही आणि हरलेल्यांनाही, निकालानंतर ३५ दिवसांत. बिलं २१ दिवसांत मागवायची, २८ दिवसांत चुकती करायची, २० पौंड आणि त्यावरच्या पावत्या जोडायच्या. एक पेन्सही खर्च केला नसेल तरी शून्याचा हिशेब द्यावाच लागतो.